बिल्ला नंबर दोनशे अठरा

सव्वीस वर्षं दिवाखोलीच्या खिडकीत बसलो.
पितळी बिल्ला घ्यायचा, खिळ्याला अडकवायचा,
दिवा द्यायचा. माणूस वर आला की उलट.
पाळी संपली आणि खिळ्यावर बिल्ला उरला,
तर कुणीतरी अजून खाली आहे.
एवढंच काम. शाळा सोडलेल्या पोरालाही जमेल,
मॅनेजर म्हणायचा. त्याला एक दिवस बसवलं होतं,
अकरा दिवे हरवले.

आता खाण बंद. रुदात दुकानात, चर्चच्या पायरीवर,
जो तो विचारतो, या वयात लिनक्स, अलोयझी?
मी म्हणतो, गुडघे गेलेत, बोटं शाबूत आहेत.

ओतिलियाने घरभर चिठ्ठ्या डकवल्यात.
न्हाणीच्या दारावर सातशे पंचावन्न:
मालकाला सगळं, इतरांनी यावं, बघावं, बदलू नये काही.
खसखशीच्या केकच्या डब्यावर सहाशे,
म्हणजे मालक सोडून कुणी हात लावायचा नाही.
मालक कोण ते लिहिलं नव्हतं.
मी खाल्ला.

पीएस लिहिलं की यादी उतरते:
कोण चालू, कोण झोपलेलं, कोण कुणाच्या पोटी जन्मलं.
हे मला शिकवावं लागलं नाही.
हा तर माझाच फळा, खिळे तेवढे दिसत नाहीत.

व्हीआयमध्ये पहिल्यांदा शिरलो
आणि बाहेर पडता येईना.
जे दाबावं ते अक्षर होऊन पडद्यावर.
पोरगी हसून हसून खुर्चीवरून घसरली.
मी हसलो नाही.
बाहेरची वाट सापडत नसलेला आवाज
मी टेलिफोनवर ऐकलाय, सातशे मीटर खालून,
तोही आधी थट्टाच करत होता.

एस्केप. कोलन. क्यू. उद्गारचिन्ह.
एवढंच होतं, बाबा.
हो गं. एवढंच.

मग झोंबीचं प्रकरण आलं.
काम संपलेलं, घेतलेली जागा परत केलेली,
तरी यादीत नंबर शिल्लक,
कारण ज्याने जन्माला घातलं त्याने अजून विचारलेलं नाही
की तुझं शेवटी काय झालं.
किल माइनस नाइनसुद्धा चालत नाही.
मेलेल्याला काय मारणार?
सरावाच्या पेपरात हा प्रश्न तीनदा आला,
तीनदा चुकलो. उत्तर पाठ आहे.

खाण बंद झाली तेव्हा फळा भंगारात गेला.
एक बिल्ला मी खिशात टाकला होता.
दोनशे अठरा. गिंतर.
चौकशी समितीला तारीख, वेळ, वायूची टक्केवारी
सगळं सांगितलं मी, सही केली.
लिदकाला मात्र सहा वर्षांत फोन केला नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री साडेनऊला केला.
ती म्हणाली, उद्या पेपर ना तुझा? झोप की.
मी म्हटलं, त्याचा बिल्ला माझ्याकडे आहे.
बराच वेळ पलीकडे भांडी वाजत होती.
मग म्हणाली, त्या दिवशी काय काय झालं ते सांग,
समितीला सांगितलंस तसं नको.
सांगितलं. पाऊण तास लागला.
शेवटी म्हणाली, बिल्ला राहू दे तुझ्याकडेच,
आणि माझा लॅपटॉप फार हळू चालतो,
पास झालास तर बघशील का?
नापास झालो तरी बघेन, म्हटलं.

कातोवित्सेला तिसऱ्या मजल्यावर केंद्र.
साठ प्रश्न, नव्वद मिनिटं.
टेबलामागे नखं हिरवी रंगवलेली मुलगी.
खिसे रिकामे करा, म्हणाली.
किल्ल्या, फोन, खोकल्याच्या गोळ्या, पितळी चकती.
हे काय आहे? तिने उलटसुलट करून पाहिलं.
बिल्ला, म्हटलं. आत जाताना देतात.

तिने तो लॉकरमध्ये ठेवला,
वहीत माझं नाव लिहिलं, वेळ लिहिली,
आणि समोरच्या तारेवर एक नंबर अडकवला.
मी उगाच थांबलो.
जा ना आत, ती म्हणाली, मी आहे इथे.